पावणेदोन पौंडांत लंडन दर्शन

लंडन बघायला एकच दिवस हाताशी असेल आणि सोबत सासू-सासरे नि लहान मूल असेल, तर उघड्या टपाच्या टूरिस्ट बसचं महागडं तिकीट काढू नका. तिथली रोजची लाल बस धरा. २४ नंबर, १५ नंबर आणि मध्ये हौस म्हणून ७८ नंबर. २०२५च्या दराने एका वेळचे पावणेदोन पौंड, पण दिवसभर कितीही चढा-उतरा, माणशी सव्वापाच पौंडांच्या वर एक पेनी कापली जात नाही. आम्ही २०२५च्या मे महिन्यात गेलो तेव्हा पौंड ११५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिवसाचे साधारण सहाशे रुपये. चार मोठ्यांचे मिळून एकवीस पौंड. नऊ वर्षांचा मुलगा फुकट.

हे परीक्षण त्या बससेवेचं. लंडन शहर कसं आहे ते सांगणारे पुष्कळ आहेत.

आमच्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय हे प्रकरण कळायचं नाही. माझे सासरे, अप्पा, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी डबलडेकरवर काढली, तीही वरच्या मजल्यावर. जुन्या डबलडेकरला दोन कंडक्टर लागायचे, एक खाली, एक वर. अप्पा वरचे. मुंबईत डबलडेकर १९३७ साली आली आणि त्या जुन्या डिझेलच्या गाड्यांपैकी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ला धावली. त्या दिवशी अप्पा परळहून अंधेरीला गेले, फुलांनी सजवलेली गाडी डोळ्यांनी बघायला. त्यांच्या जागी आलेल्या विजेवरच्या एसी डबलडेकरला ते चाकांचा फ्रीज म्हणतात.

नणंद बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे जाताना वाटेत लंडनला मुक्काम केला, युस्टन स्टेशनजवळच्या एका लहानशा हॉटेलात, कारण बर्मिंगहॅमची गाडी युस्टनहून सुटते. निघण्याआधी दादरच्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली होती. त्याने अर्ध्या दिवसाची ‘सिटी टूर’ सांगितली: गाडीतून फिरवणार, चार ठिकाणी फोटोपुरतं उतरवणार, दुपारी ‘इंडियन लंच’, माणशी सात हजार. नवरा हो म्हणायच्या बेतात होता. अप्पांनी चष्मा पुसत विचारलं, "का हो, त्या गावात बस चालत नाहीत का?" टूरवाला हसला. अप्पा हसले नाहीत.

तर पैशांचं आधी सांगते, कारण आपल्याकडच्या माणसांची गाडी इथेच अडते. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे घेत नाहीत. खिशात नोटांची गड्डी असली तरी ड्रायव्हर तुम्हाला तिकीट देऊ शकत नाही. टॅप करून चालणारं बँकेचं कार्ड हवं, नाहीतर ऑइस्टर नावाचं त्यांचं भरून वापरायचं कार्ड. आपल्या बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपली कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळातच बंद असतात. मुंबईतच, विमानतळाकडे निघण्याआधी, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार आणि टॅप ही दोन्ही बटणं सुरू करून ठेवा. आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड. नवऱ्याचं कार्ड एकदा त्याच्यासाठी नि एकदा तुमच्यासाठी टेकवता येत नाही. तसंच दिवसभर तेच कार्ड वापरायचं. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलंत तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं, आणि सव्वापाचची मर्यादा दोघांना वेगवेगळी लागू होते.

आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, असं कार्ड नव्हतं. त्यांच्यासाठी स्टेशनवरच्या यंत्रातून ऑइस्टर घेतलं. कार्डाचे तेव्हा सात पौंड होते, ते परत मिळत नाहीत, आणि वर दहा पौंड भरले. "नुसत्या प्लास्टिकला आठशे रुपये?" हा प्रश्न त्यांनी युस्टनपासून विचारला तो थेट संध्याकाळपर्यंत. प्रश्न रास्त आहे. घरात टॅपवालं एखादं जादा फॉरेक्स कार्ड असेल तर ते आईबाबांच्या हातात द्या, ऑइस्टरचे पैसे वाचतील.

आणखी एक सोय तिथे आहे, ती आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या, कितव्याही बसमध्ये चढलात तरी नव्याने पैसे पडत नाहीत. वेळ मोजतात ती चढण्याची, त्यामुळे एकोणसाठाव्या मिनिटाला चढून पुढे तासभर बसून राहिलात तरी चालतं. पावणेदोन पौंड म्हणजे दोनशे रुपये झाले, आणि बेस्टचं साधं तिकीट त्याच मे महिन्यात पाचाचं दहा झालं म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये चर्चा सुरू होती. तुलना करायला जाल तर छातीत कळ येईल. करू नका. टूरवाल्याच्या सात हजारांशी करा.

सकाळी हॅम्पस्टेड रोडवर उभे राहिलो. बस दिसली की आपल्यासारखाच हात दाखवायचा. चढायचं पुढच्या दाराने, ड्रायव्हरसमोरच्या पिवळ्या यंत्राला कार्ड टेकवायचं, आणि उतरायचं मधल्या दाराने. उतरताना कार्ड टेकवायचं नाही, ते ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत. अप्पांच्या अंगात मागून चढा, पुढून उतरा हे इतकं भिनलेलं की प्रत्येक वेळी त्यांचे पाय आधी मागे वळायचे. चढल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर वर-खाली मान फिरवून कंडक्टर शोधला. एवढी मोठी दुमजली गाडी, सत्तर-ऐंशी माणसं, आणि सगळा कारभार एका ड्रायव्हरवर. वरच्या मजल्याचं दृश्य त्याला समोरच्या पडद्यावर दिसतं. "वर भांडण लागलं तर हा काय पडद्यात हात घालणार?" अप्पा म्हणाले. सुदैवाने वर भांडण लागलं नाही.

पहिला टप्पा उलट्या दिशेने, उत्तरेला, चॉक फार्मपर्यंत. तिथे उतरून ट्यूब स्टेशनमागचा रेल्वेवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड लागतो. १० नंबरचं घर. बाहेर निळी पाटी: डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, १९२१-२२ साली इथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असतानाचा हा काळ. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ साली विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. आजूबाजूला सगळी शांत, सारखी दिसणारी, विटांची घरं. पाटी वाचली नाही तर तुम्ही पुढे निघून जाल.

हे ठिकाण कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत आम्हाला दिसलं नाही आणि आमच्या दिवसातलं सगळ्यात मोठं ठिकाण हेच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी दादरला बेस्टच्या जादा गाड्या सोडतात. त्या ड्युट्या अप्पा मागून घ्यायचे. रात्रभर उभं राहून दमलेली, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसं, पोरं खांद्यावर, हातात पुस्तकांच्या पिशव्या. त्यांच्यापैकी किती जणांना हे घर बघायला मिळणार, असं ते जिन्यात उभे राहून म्हणाले आणि मग भिंतीवरचा प्रत्येक फलक चष्मा वर-खाली करत पुरा वाचला. मुलगा कंटाळला, त्याला मी बाहेर घेऊन गेले. घाई करू नका इथे. उघडण्याच्या वेळा मात्र आधी बघून निघा.

आता या सगळ्या परीक्षणातली कळीची युक्ती सांगते, आणि ती मुंबईकराला शिकवावी लागू नये. डबलडेकरचं सगळं सुख वरच्या मजल्यावरच्या पहिल्या रांगेत आहे. समोर अख्खी काच, खाली रस्ता, डावी-उजवीकडे दुकानांचे पहिले मजले. ती जागा मधल्या स्टॉपवर चढून मिळत नाही. मग आपण काय करतो? रिटर्न मारतो. डोंबिवलीचा माणूस बसायला मिळावं म्हणून आधी कल्याणला जातो, तसे आम्ही परत २४ नंबर धरून अजून उत्तरेला, शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो. हॅम्पस्टेड हीथ, रॉयल फ्री हॉस्पिटल. तिथे सगळ्यांना उतरवतात. मग सुटणाऱ्या गाडीत पहिले चढलो आणि पहिल्या रांगेतल्या चारही जागा आमच्या. तास उलटला नव्हता, त्यामुळे या फेरीचे पैसेही कापले गेले नाहीत. तिथल्या लोकांना ही कला माहीत नसावी, कारण आमच्याशी स्पर्धा करायला कोणीच नव्हतं.

आईंचे गुडघे दुखतात. जिना अरुंद आणि वळणाचा, आणि ड्रायव्हर तुम्ही बसेपर्यंत थांबत नाही. अप्पांनी दिलेला नियम असा: गाडी थांबलेली असताना चढायचं, दोन्ही हातांनी दांडे धरायचे, आणि उतरायचं असेल तर एक स्टॉप आधी खाली येऊन उभं राहायचं. शेवटच्या स्टॉपवर चढण्याचा हा दुसरा फायदा, गाडी उभी असते. ज्यांना जिना जमतच नाही त्यांच्यासाठी खाली दाराजवळच वयस्कांच्या राखीव जागा आहेत आणि लोक खरंच उठून देतात. व्हीलचेअर असेल तर मधल्या दारातून रॅम्प बाहेर येतो. तिथली प्रत्येक बस जमिनीलगत आहे, आपल्या जुन्या गाड्यांच्या त्या उंच पायऱ्या नाहीत.

२४ नंबरचा रस्ता असा आहे की गाइड नसला तरी चालेल. कॅम्डेनला दुकानांच्या दर्शनी भिंतींवर प्रचंड बूट, ड्रॅगन असलं काय काय चिकटवलेलं आहे. ते खालून बघायला मान मोडते, वरच्या मजल्यावरून ते अगदी नाकासमोरून जातं. झाडांच्या फांद्या काचेवर सटासट आपटतात. पहिल्या फांदीला अप्पा आणि नातू दोघेही एकदम खाली वाकले. पुढे टॉटनहॅम कोर्ट रोड, मग पुस्तकांच्या दुकानांचा नि नाटकगृहांचा चेरिंग क्रॉस रोड, मग एकदम मोकळं ट्रफाल्गर स्क्वेअर, आणि तिथून व्हाइटहॉल. व्हाइटहॉलमध्ये घोडेस्वार पहारेकरी, डाउनिंग स्ट्रीटचं लोखंडी फाटक, युद्धस्मारक, हे सगळं एकामागून एक येतं आणि समोर घड्याळाचा मनोरा मोठा मोठा होत जातो. या शेवटच्या पाच मिनिटांसाठी मी पाच पौंड दिले असते.

अधूनमधून गाडीत एक बाई इंग्रजीत सांगते की गाड्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून ही बस इथे थोडा वेळ थांबेल. नवरा वैतागला. अप्पा खूश. "मागची गाडी लांब राहिली असणार. ही आत्ता सोडली तर पुढच्या गाडीच्या बोकांडी बसेल, आणि मागच्या स्टॉपवरची माणसं अर्धा तास शिव्या देतील." वडाळ्याला, सायनला बसस्टॉपवर उभं राहून एकदम तीन गाड्या आलेल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे कळेल. तिथल्या बस खासगी कंपन्याच कंत्राटावर चालवतात. मार्ग, भाडं, रंग, किती मिनिटांनी गाडी सोडायची, हे मात्र एकच सरकारी यंत्रणा ठरवते, त्यामुळे प्रवाशाला मालक कोण याचा पत्ताही लागत नाही. बेस्टच्या भाड्याने घेतलेल्या गाड्यांवर अप्पांनी यानंतर जे भाषण केलं ते मी इथे देत नाही. त्याला स्वतंत्र लेख लागेल.

पार्लमेंट स्क्वेअरला उतरलो तेव्हा एक वाजत आला होता. बिग बेनचे टोले ऐकायचे म्हणून रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं उभे राहिलो. आधी लहान घंटांचं सुरेल वाजलं, मग मोठी घंटा. एकदा. संपलं. मुलाच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव. जायचंच तर बाराला पोचा. ती घंटा १३.७ टनांची आहे, बिग बेन हे खरं तिचंच नाव. मनोऱ्याला २०१२पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. आई म्हणाल्या, "आपल्या राजाबाई टॉवरसारखाच की!" आणि ते काही अगदीच हवेतलं नाही. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट लंडनचाच, आणि आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं सेंट पँक्रासचं लाल विटांचं भव्य हॉटेलही त्याचंच. ते बघा आणि मग सीएसएमटी आठवा. आम्हा मुंबईकरांना लंडनमध्ये अर्धा वेळ हे कुठेतरी बघितलंय असं वाटत राहतं, त्याचं कारण हे.

त्याच चौकात गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला, आणि थोड्या अंतरावर चर्चिलचा. दोघांना एका फोटोत बसवण्याचा नवऱ्याचा प्रयत्न फसला.

ट्रफाल्गर स्क्वेअरला परत येताना तिसऱ्यांदा पैसे कापले गेले आणि सव्वापाच पौंड पूर्ण झाले. त्यानंतरचा सगळा प्रवास फुकट. हे कळल्यावर आईंनी एका स्टॉपसाठीही चालायला नकार दिला. नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट, स्वच्छतागृह फुकट आणि स्वच्छ. वयस्क माणसांना घेऊन फिरणाऱ्याने दिवसाची आखणी देखाव्यांभोवती करू नये, स्वच्छतागृहांभोवती करावी. बसमध्ये ती सोय नसते. मोठी फुकट संग्रहालयं आणि मोठी रेल्वे स्टेशनं हे तुमचे आधार. जेवण म्हणाल तर घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या नि लसणाची चटणी, चौकातल्या पायऱ्यांवर बसून. बाहेर घेतला तो फक्त चहा, साडेतीनशे रुपयांचा, पिशवी बुडवलेला, त्यावर बोलत नाही. कबुतरांना दाणे घालायला त्या चौकात २००३पासून बंदी आहे. दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण पुढे पेटलं तेव्हा आई बिल्डिंगमध्ये सगळ्यांना हे सांगत होत्या.

१५ नंबर ही दुसरी गाडी. ट्रफाल्गरहून पूर्वेला, टॉवर ऑफ लंडनपर्यंत. स्ट्रँड, मग अल्डविचचं वळण. इथे आपल्या उच्चायुक्तालयाचं इंडिया हाउस आहे, आणि त्याच वळणावरून आत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. सकाळी बाबासाहेबांचं राहतं घर बघितलं आणि दुपारी कॉलेज, दोन्ही बसच्या वाटेवर. पुढे फ्लीट स्ट्रीट, चढावरून समोर सेंट पॉल्सचा घुमट, आणि १६६६च्या मोठ्या आगीच्या आठवणीत उभारलेला मॉन्युमेंटचा खांब. रस्ता अरुंद, वाहनं खूप. फ्लीट स्ट्रीटवर गाडी चालत नाही, सरकते. घाईच्या माणसाने ट्यूबने जावं. आम्हाला घाई नव्हती. मुलगा मात्र आजोबांच्या मांडीवर झोपला आणि सेंट पॉल्स त्याने बघितलंच नाही.

टॉवर ऑफ लंडन आम्ही बाहेरून बघितला. आत कोहिनूर आहे, राजमाता एलिझाबेथच्या मुकुटात. तिकीट तेव्हा पस्तीस पौंडांच्या आसपास होतं. आई म्हणाल्या, "आपलाच हिरा बघायला चार हजार?" आणि विषय संपला. ज्यांना इतिहासाची आवड आहे आणि अर्धा दिवस मोकळा आहे त्यांनी जरूर जावं. दिवस एकच असेल तर तिथे तो संपतो.

अप्पांना टॉवरपेक्षा शेजारच्या पुलात रस होता. टॉवर ब्रिज १८९४चा, जहाज आलं की मधोमध उघडून वर उचलला जाणारा. १९५२च्या डिसेंबरमध्ये ७८ नंबरची डबलडेकर पुलावर असतानाच पूल उचलायला सुरुवात झाली. अल्बर्ट गंटर नावाच्या ड्रायव्हरने ब्रेक लावण्याऐवजी वेग वाढवला आणि प्रवाशांसकट गाडी फटीवरून पलीकडे उडवली. माणसं वाचली. गंटरला दहा पौंड बक्षीस मिळालं. ही गोष्ट मी आदल्या रात्री वाचून ठेवली होती आणि मुद्दाम पुलासमोर उभं राहून सांगितली. अप्पांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "ड्रायव्हरला दहा पौंड. आणि कंडक्टरला?"

७८ नंबर अजूनही त्याच पुलावरून जाते. मग काय, चढलो. पैसे पडतच नव्हते. वरच्या मजल्यावर, पुलाच्या मधोमध दोन पात्यांच्या जोडावरून गाडी जाताना चाकांखाली एक ठोका जाणवतो. तेवढ्यासाठी आम्ही पलीकडे गेलो आणि पुलावरून चालत परत आलो. टूरिस्ट बसही याच पुलावरून जाते, पण तिच्यावरच्या माणसांना हेडफोन लावलेले असतात.

परतीला पुन्हा १५, मग २४, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून ब्रिटिश म्युझियम. शुक्रवार होता, त्या दिवशी तिथली दालनं रात्री साडेआठपर्यंत उघडी असतात, म्हणून दिवस मुद्दाम तोच धरला होता. मेअखेरीस लंडनला नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस भरपूर ताणता येतो. प्रवेश फुकट. रोझेटा शिळेपाशी गर्दी, ममीपाशी त्याहून गर्दी, आणि आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या संगमरवरासारख्या दिसणाऱ्या कोरीव शिळांपाशी जवळजवळ कोणी नाही. तिथेच बसलो. पाय बोलायला लागले होते, त्यामुळे या संग्रहालयाबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता बससेवेत काय खटकतं ते. गाडी तुम्हाला काहीच सांगत नाही. स्टॉपचं नाव पुकारते, पण डावीकडची इमारत कोणती हे तुमचं तुम्ही शोधायचं. घरातल्या एकाने आदल्या दिवशी वाचलं असेल तरच मजा येते, नाहीतर नुसत्या इमारती. गर्दीच्या वेळी, सकाळी नवाच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर, वरची पहिली रांग विसरा. ११ ते १५ वयाचं मूल सोबत असेल तर ते फुकट नाही. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्याच्या ऑइस्टर कार्डावर पाहुण्या मुलांची सवलत घालून घ्यावी लागते, तरच भाडं अर्ध्यावर येतं. आणि दिवसाला चार ठिकाणी तिकीट काढून आत जायचा बेत असेल तर बस तुमच्या कामाची नाही, फार सावकाश आहे.

अप्पांची तक्रार वेगळी. वरच्या मजल्यावरची समोरची काच उघडत नाही. १२३ नंबरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीपाशी मरीन ड्राइव्हचा वारा खात त्यांनी तिकिटं फाडली. त्यांना बंद काचेतून शहर बघणं म्हणजे टीव्ही बघणं वाटतं. म्हणून ते पाचपैकी चार देतात. मी साडेचार देते. नवऱ्याला विचारलं तर तो बँकेचा मेसेज दाखवतो: दिवसभराचे सगळे प्रवास मिळून रात्री एकच रक्कम कापली गेली, सव्वापाच पौंड आणि बँकेचं वरचं शुल्क, हिशेबाला अगदी बरोबर.

आईंच्या ऑइस्टरवर पावणेपाच पौंड उरले. ते पैसे बाद होत नाहीत, कार्ड पुढच्या खेपेलाही चालतं. सध्या ते आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, मुलीकडे निघाल्यात त्या. आईंनी शिल्लक रकमेची चिठ्ठी कार्डाला रबर बँडने लावून दिली आहे, आणि सात पौंड कार्डाचे वेगळे लिहिले आहेत.